फ्लॉपीतला प्रिन्स आजच्या लॅपटॉपवर: आधी काय वाचवायचं, मग कसं खेळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "रत्नागिरीत १९९० च्या दशकात वडिलांचा कॉम्प्युटर क्लास होता. तो बंद झाला तेव्हा फ्लॉप्या आणि सीड्यांचा खोका माळ्यावर गेला. आता घर दुरुस्तीला काढलंय आणि खोका खाली आलाय. दिवाळीत सगळी मामे-आते भावंडं जमणार आहेत, आणि सगळ्यांना तेच जुने गेम खेळायचे आहेत. ते आजच्या लॅपटॉपवर चालतील का? प्रिन्स ऑफ पर्शिया ब्राउझरमध्ये खेळून पाहिला, पण 'तो' वाटला नाही. रंग वेगळे, हात बसेना. आणि एका गेमचं नाव काही केल्या आठवत नाही: खाली मधोमध तोफ, वरून हेलिकॉप्टरं जातात, त्यांतून छत्रीवाले सैनिक उतरतात."

चालतील, जवळपास सगळे. पण एक विनंती आहे: खोक्यातली एकही फ्लॉपी अजून कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. आधी हे वाचा.

मी डेटा रिकव्हरीचं काम करते आणि जुन्या डॉस गेमवर (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची पीसीची ऑपरेटिंग सिस्टिम) माझा जीव आहे. लोक असे खोके घेऊन येतात तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक 'यातला प्रिन्स चालेल का?' असाच असतो. प्रिन्सची काळजी करू नका. प्रिन्स, डेंजरस डेव्ह, डूम हे गेम जगभरात असंख्य ठिकाणी सुखरूप आहेत. इंटरनेट आर्काइव्हने तर २०१५ च्या जानेवारीत दोन हजारांहून जास्त डॉस गेम थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे मांडून ठेवले. तुमच्या खोक्यात मोलाचं आहे ते वेगळं: वडिलांनी क्लाससाठी लिहिलेला मेनू, पोरांनी सेव्ह केलेले डाव, पहिल्या नंबरवर कुणाचं नाव होतं ते. याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही.

उदाहरण प्रिन्सचंच घ्या. डॉसवरच्या प्रिन्सच्या फोल्डरमध्ये हॉल ऑफ फेमची एक छोटी फाइल असते. फाइलच्या नावात 'प्रिन्स' आणि पुढे ठिपका देऊन 'एचओएफ'. ज्यांनी साठ मिनिटांच्या आत राजकन्येला सोडवलं त्यांची नावं आणि किती वेळ शिल्लक होता, हे तिच्यात लिहिलेलं असतं. फक्त सहा जागा. क्लासच्या मशीनवरून कुणी अख्खा फोल्डर फ्लॉपीवर उचलला असेल तर ती सहा नावंही सोबत आली असणार. फाइलवर तारीख असते, म्हणजे शेवटचं नाव कधी चढलं तेही कळतं. तुम्ही उत्साहाने तोच फोल्डर उघडून खेळायला बसलात आणि गेम जिंकलात, तर तुमचं नाव चढेल आणि कुणाचं तरी उतरेल. म्हणून आधी प्रत, मग खेळ.

आता बुरशी. घाटावरच्या खोक्यांपेक्षा कोकणातल्या खोक्यांची मला जास्त धास्ती वाटते, कारण इतके पावसाळे माळ्यावर काढल्यावर फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरलेली असणं अगदी शक्य आहे. सव्वापाच इंची फ्लॉपी असेल तर मधल्या भोकाच्या कडेला बोटं टेकवून चकती हळूहळू फिरवा आणि लांबट खिडकीतून पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहा. साडेतीन इंचीची पत्र्याची झडप सरकवून तसंच पाहा. चकतीच्या वाचायच्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही. सलग गुळगुळीत तपकिरी-काळा पृष्ठभाग दिसला तर उत्तम. पांढरे ठिपके किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती फ्लॉपी वेगळ्या पिशवीत. बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की घाण वाचणाऱ्या हेडला चिकटते, चकतीवर गोल चरे पडतात, आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉपीवरही तेच होतं. एक फ्लॉपी दहा फ्लॉप्यांचा जीव घेते. अशा फ्लॉप्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सुटणाऱ्या कापडाने साफ करता येतात, पण ते काम आधी रिकाम्या, नको असलेल्या फ्लॉपीवर करून हात बसवा. आणि कृपा करून पापडासारख्या उन्हात वाळत घालू नका. उष्णतेने चकती वाकडी झाली की पुढे कुणालाच काही करता येत नाही.

साफसफाईच्या आधी प्रत्येक लेबलचा फोटो काढा. जुना डिंक सुटलेला असतो, लेबलं हातात येतात. त्यावरचं 'गेम्स २, मूळ प्रत, देऊ नये' हे बाबांचं अक्षर पुन्हा मिळणार नाही.

पुढची पायरी राइट प्रोटेक्ट. इथे चांगले जाणकारही गोंधळतात, कारण दोन आकारांचे नियम बरोबर उलटे आहेत. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातलं भोक उघडं असेल तर ती सुरक्षित, तिच्यावर काही लिहिलं जात नाही. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच मात्र झाकलेली असेल तर ती सुरक्षित. म्हणून पूर्वी डब्यात सोबत चांदीसारख्या किंवा काळ्या चिकटपट्ट्या यायच्या. हे करणं गरजेचंच आहे. विंडोज ९५ आणि ९८ तर नुसती वाचायला घातलेल्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येही (अगदी सुरुवातीच्या भागात) आपली खूण लिहून ठेवायच्या. तुमच्याकडे अजून तसं जुनं मशीन चालू असेल तर जास्तच जपा.

प्रत काढायची म्हणजे फाइली ओढून दुसरीकडे टाकायच्या नाहीत, अख्ख्या फ्लॉपीची इमेज काढायची, म्हणजे चकतीवरचं सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवायचं. डॉसमध्ये फाइल डिलीट केली की यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं बदलतं. आतला मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून राहतो. जागा कमी म्हणून क्लासमध्ये सारखी खोडाखोड चालायची, तेव्हा इमेजमधून हमखास काहीतरी जास्तीचं निघतं. साडेतीन इंचीसाठी यूएसबीची बाहेरून जोडायची ड्राइव्ह अजून मिळते आणि ती पुरते. लिनक्सवर डीडी-रेस्क्यू वापरा, ते खराब जागा सोडून आधी चांगला भाग वाचून घेतं आणि मग मागे वळून खराब जागांवर परत प्रयत्न करतं. सव्वापाच इंचीला यूएसबी ड्राइव्ह नसते. तिथे जुनी ड्राइव्ह आणि ग्रीसवीझलसारखं एक छोटं बोर्ड लागतं, जे फाइली न पाहता चकतीवरचा चुंबकीय सिग्नलच जसाच्या तसा टिपतं. हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

हे अवघड वाटलं तर प्रिन्सच्या जन्मदात्याची गोष्ट सांगते. जॉर्डन मेकनरने प्रिन्स ॲपल टू या मशीनवर लिहिला आणि ब्रॉडरबंड या कंपनीने तो १९८९ मध्ये बाजारात आणला. पुढे मूळ सोर्स कोडच, म्हणजे त्याने लिहिलेला प्रोग्रामच, हरवला. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एक जुना खोका सापडला, त्यात साडेतीन इंची फ्लॉप्या, आणि त्यांवर हा कोड. मेकनरनेही त्या लगेच घरच्या मशीनमध्ये घातल्या नाहीत. जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ या जाणकारांना बोलावलं, त्यांनी आधी इमेज काढल्या, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोड गिटहब या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला झाला. वीस-बावीस वर्षांनी फ्लॉप्या वाचल्या गेल्या. तेव्हा तुमच्याही वाचतील अशी आशा धरायला चांगली जागा आहे.

व्हायरसचं काय? जुन्या फ्लॉप्यांवर बूट सेक्टरमधले व्हायरस असणारच. १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस तर फार प्रसिद्ध होता: ५ जानेवारीला मशीन चालू केलं की ते अडून बसायचं, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्या फ्लॉपीवरूनच मशीन सुरू केलं तरच असे व्हायरस जागे होतात. नुसत्या वाचण्याने आजच्या लॅपटॉपला त्यांच्यापासून धोका नाही. आणि इमेजमध्ये जोशी निघाला तर पुसू नका, तोही त्या क्लासच्या इतिहासाचा भाग आहे. खेळायच्या प्रतीत तेवढा नको.

आता खेळण्याकडे वळू. आजच्या ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्राम चालवणारा भागच नाही, त्यामुळे डॉस गेमवर डबल क्लिक केलं तर काही होत नाही. त्यावर उपाय डॉसबॉक्स. २००२ पासून उपलब्ध असलेला हा फुकट प्रोग्राम लॅपटॉपच्या आत एक जुना पीसी उभा करतो, त्याच्या साउंड कार्डासकट. गेमच्या फोल्डरची खेळायची प्रत करा, मुख्य फाइल माउसने उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडा. गेम सुरू होतो. नवीन बसवत असाल तर डॉसबॉक्स स्टेजिंग ही आवृत्ती घ्या, तिच्या मूळ सेटिंगच जास्त शहाण्या आहेत.

आणि आता तुमची खरी तक्रार. 'तो' वाटला नाही म्हणता, त्याला कारणं आहेत, आणि ती एकेक करून दूर करता येतात.

रंगांपासून सुरू करते. तुम्हाला प्रिन्स कुठल्या रंगात आठवतो? तुम्ही लिहिलंय रंग वेगळे वाटले, आणि माझा अंदाज आहे की बाबांच्या क्लासात निदान काही मशीनला हर्क्युलस कार्ड (एकरंगी चित्र दाखवणारं व्हिडिओ कार्ड) आणि एकरंगी मॉनिटर असावा, केशरी किंवा हिरवा. त्या काळात क्लासवाल्यांना रंगीत मॉनिटर परवडायचा नाही, आणि हर्क्युलसवर अक्षरं सुरेख दिसायची म्हणून वर्डस्टार, लोटस शिकवायला तेच बरं पडायचं. प्रिन्स लिहिणाऱ्यांनी डॉसच्या आवृत्तीत हर्क्युलसचीही सोय केली होती. म्हणजे तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला प्रिन्स काळ्या पडद्यावर केशरी असेल, तर तो तितकाच खरा आहे जितका दुसऱ्या कुणाचा निळ्या विटांचा. ब्राउझरमध्ये तुम्हाला मिळाला तो व्हीजीए या रंगीत व्हिडिओ कार्डाचा प्रिन्स, म्हणजे दुसऱ्याच्या लहानपणीचा. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये (त्याच्या सेटिंग लिहिलेल्या फाइलमध्ये) 'मशीन' या ओळीत हर्क्युलस लिहा आणि गेम परत चालवा. मग एफ११ दाबत राहिलात की पडदा हिरवा, केशरी, पांढरा असा बदलत जातो. हे मी ज्यांना ज्यांना दाखवते त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मग आकार. व्हीजीएवरच्या बहुतेक गेमचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण ते ४:३ आकाराच्या काचेवर पूर्ण पसरायचं, त्यामुळे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला वीस टक्के जास्त असायचा. आजचा पडदा ठिपका चौकोनी दाखवतो, आणि आपला सडपातळ प्रिन्स बुटका, जाडसर दिसतो. लॅपटॉपच्या पूर्ण पडद्यावर ताणला तर अजूनच. कॉन्फिगमधला 'ॲस्पेक्ट' हा पर्याय चालू करा; स्टेजिंगमध्ये तो आधीच चालू असतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या.

आवाज. साउंड ब्लास्टर हे साउंड कार्ड त्या काळी घरोघरी नव्हतं, क्लासात तर नाहीच. डॉसबॉक्स मात्र आपल्याकडे साउंड ब्लास्टर आहे असं गेमला सांगतं, आणि तुम्हाला कधीच न ऐकलेले तलवारींचे खणखणाट ऐकू येतात. तुमच्या कानात बसलेली ती पीसी स्पीकरची पीप-पीप हवी असेल तर कॉन्फिगमध्ये साउंड ब्लास्टर बंद करा. मला स्वतःला स्पीकरवरचंच सुरुवातीचं संगीत आवडतं; एका वेळी एकच सूर निघू शकतो तरी त्यात सगळी कथा आहे.

हात बसत नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. मेकनरने १९८५ मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढऱ्या कपड्यांत धावायला-उड्या मारायला लावून व्हिडिओवर टिपलं आणि एकेक चित्र त्यावरून काढलं. म्हणून प्रिन्स माणसासारखा हलतो: धावायला लागताना वेग घेतो, थांबताना घसरतो, आणि उडीची कळ पाऊलभर आधी दाबावी लागते. सगळा गेम सेकंदाला १२ चित्रांच्या ठेक्यावर चालतो. त्या ठेक्याशी बोटं जुळलेली असताना कळ आणि पडदा यांच्यात थोडा जरी उशीर आला तरी कडा सुटते आणि खाली सुळे. ब्राउझरमध्ये हा उशीर जास्त, ब्लूटूथ कीबोर्डने अजून वाढतो, टीव्हीला जोडलं आणि टीव्हीचा गेम मोड बंद असला तर विचारूच नका. वायरचा कीबोर्ड, लॅपटॉपवर बसवलेलं डॉसबॉक्स, एवढं केलंत तरी निम्मी तक्रार जाईल.

आणि शिफ्ट! जपून पाऊल टाकायला, कडेला लटकायला, बाटली उचलायला शिफ्टच. विंडोजमध्ये ओळीने पाच वेळा शिफ्ट दाबलं की स्टिकी कीज चालू करू का, असं विचारणारी खिडकी मध्येच उगवते. सुळ्यांमधून एकेक पाऊल टाकताना हे होतंच होतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट आधीच बंद करून ठेवा. डेव्हलाही अशीच अडचण: गोळी झाडायला कंट्रोल, जेटपॅकला ऑल्ट, आणि ब्राउझरमध्ये ऑल्ट दाबलं की मेनूच उघडतो.

भावंडांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवते. तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल आणि जी दाबून डाव सेव्ह करता येतो. आणि ज्यांना पहिल्या तीन पातळ्यांचा कंटाळा आलाय त्यांनी शिफ्ट-एल दाबून पुढे जावं, पण मग घड्याळात फक्त १५ मिनिटं उरतात. तुमच्या कुणा भावाने 'मी चौथ्या पातळीवर पोचलो होतो' अशी बढाई तेव्हा मारली असेल तर ही युक्ती त्याला ठाऊक होती का, ते विचारून घ्या. पहिली पातळी संपल्यावर अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली आली आणि कुठल्या पानावरचं कुठलं अक्षर असं विचारायला लागला, तर तुमची प्रत कुणी न फोडलेली आहे. ते कॉपी प्रोटेक्शन. पुस्तिका पाहून बरोबर अक्षराची बाटली प्यायची, चुकीची प्यायलात तर प्रिन्सची ताकद घटते. आपल्याकडे फिरणाऱ्या प्रतींतून ही खोली काढून टाकलेली असायची, त्यामुळे कित्येकांनी ती पाहिलेलीच नाही.

आता तुमचा हरवलेला गेम. तो पॅराट्रूपर. १९८२ चा, ओरायन सॉफ्टवेअरचा, लिहिणारा ग्रेग कुपरबर्ग. तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. पुढे गणितज्ञ झाला. तोफेची गोळी झाडली की प्रत्येक गोळीला एक गुण कमी होतो, हे बहुतेकांच्या लक्षातच यायचं नाही आणि पोरं कळ बडवत बसायची. तोफेच्या एका बाजूला चार सैनिक सुखरूप उतरले की ते एकमेकांच्या खांद्यावर चढतात आणि तोफ उडवतात. हा शेवटचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल तर शंकाच नको. मूळ गेम सीजीए या जुन्या रंगीत कार्डाच्या रंगांतला आहे: काळा, पांढरा, आकाशी आणि भडक गुलाबी. मशीनच्या ओळीत सीजीए लिहून चालवा.

पण तुम्हाला तोही केशरीच आठवत असेल, तर गोष्ट आणखी रंजक होते. सीजीएचे गेम हर्क्युलसवर आपोआप चालत नसत. त्यासाठी आधी सिमसीजीए नावाचा छोटा प्रोग्राम चालवावा लागे, तो हर्क्युलसला सीजीएचं सोंग घ्यायला लावायचा. क्लासवाले मग एक बॅच फाइल लिहून ठेवत: पहिल्या ओळीत सिमसीजीए, दुसरीत गेम. पोरांना फक्त एक अक्षर दाबायचं. तुमच्या फ्लॉप्यांच्या इमेज निघाल्या की सगळ्यात आधी या बॅच फाइली नोटपॅडमध्ये उघडून पाहा. त्या साध्या मजकुराच्या असतात. कुठली मशीन होती, कुठला गेम कुठल्या फोल्डरमध्ये होता, मेनूत काय काय होतं, कुठला गेम बाबांनी मुद्दाम लपवून ठेवला होता, हे सगळं त्यांत सापडतं. गेमपेक्षा मला या फाइली वाचायला जास्त आवडतं. लिहिणाऱ्याचा स्वभाव दिसतो त्यांत.

नाव विसरलेले गेम शोधायची हीच रीत कायम लक्षात ठेवा. 'एक गाडीचा गेम होता' एवढ्यावरून काही हाती लागत नाही. चित्र बाजूने दिसायचं की वरून, मरायचं कसं, कुठली कळ कशाला, पडदा कुठल्या रंगाचा, आवाज आठवतो का, मशीन क्लासातलं की टीव्हीला जोडायचं कॅसेटवालं, आणि साधारण कुठलं साल. टीव्हीवरचा काँट्रा, मारिओ आणि पीसीवरचे गेम आठवणीत एकमेकांत मिसळतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न आधी सोडवा. मोबीगेम्स या संकेतस्थळावर साल आणि मशीननुसार पडद्यांची चित्रं पाहता येतात; नाव आठवलं नाही तरी चित्र डोळा ओळखतो.

दिवाळीसाठी मात्र माझी शिफारस प्रिन्सही नाही आणि पॅराट्रूपरही नाही. गोरिला! दोन गच्च्या, दोन माकडं, मध्ये इमारती, स्फोट होणारी केळी. १९९१ च्या एमएस-डॉस ५ सोबत क्यूबेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा आली आणि तिच्यासोबत हा गेम फुकट. तुमच्या बाबांच्या डॉसच्या फ्लॉप्यांमध्ये तो असण्याची दाट शक्यता आहे. दोघांनी आळीपाळीने खेळायचा, प्रत्येकाने कोन आणि वेग टाइप करायचा, खाली वाऱ्याचा बाण. कीबोर्ड हातोहात फिरतो आणि बाकीचे मागून ओरडत सल्ले देतात, क्लासात व्हायचं तसंच. मध्ये सूर्य हसत असतो. केळं त्याला लागलं की आश्चर्याने त्याचं तोंड उघडतं. गुरुत्वाकर्षण किती ठेवायचं तेही गेम विचारतो, पृथ्वीसाठी ९.८. नववी-दहावीतली मुलं घरात असतील तर त्यांना १.६ घालून चंद्रावर खेळायला सांगा.

यात खरी गंमत पुढे आहे. क्यूबेसिकमध्ये गेम सुरू करायच्या आधी त्याचा पूर्ण प्रोग्राम समोर वाचायला उघडा असतो. मशीन वेगवान असेल तर गेम फार पळतो, आणि त्याचा उपाय लिहिणाऱ्यांनी तिथेच टीप म्हणून देऊन ठेवलाय: वर एका ओळीत ५०० हा आकडा आहे, गेम जोरात पळत असेल तर तो कमी करा. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला प्रोग्राम बदलला तो हाच आकडा. तुमच्या फ्लॉपीवरच्या प्रतीत तो ५०० नसून दुसराच काही निघाला, तर क्लासातल्या कुणीतरी तो बदलला होता. डॉसबॉक्समध्ये मात्र आकड्याला हात लावायची गरज नाही. कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. पूर्वी कॉम्प्युटरच्या डब्यावर टर्बोचं बटण असायचं, त्याचं काम आता या दोन कळा करतात.

सीड्यांबद्दल थोडक्यात. रोड रॅश, एज ऑफ एम्पायर्स, नीड फॉर स्पीड हे विंडोज ९५-९८ चे गेम डॉसच्या गेमपेक्षा जास्त त्रास देतात. कधी गेम ३२ बिट असतो पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिट, म्हणून सुरुवातच होत नाही. काही मूळ सीड्यांवर सेफडिस्क नावाचं संरक्षण आहे, त्याला विंडोज १० ने आधार देणंच बंद केलं. अशा वेळी ८६बॉक्स या, जुना पीसी उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये अख्खं विंडोज ९८ बसवणं हा खात्रीचा मार्ग. वेळ लागतो, पण चालतं. काही सीड्यांवर गाणी गाण्याच्या सीडीसारखीच वेगळ्या ट्रॅकवर असतात, म्हणून फाइली कॉपी केल्या तर गेम मुका होतो. तिथेही पूर्ण इमेजच काढा. आणि 'शंभर गेम एकात' असल्या सीड्यांवर जागा वाचवायला व्हिडिओ आणि गाणी आधीच छाटलेली असायची, तेव्हा रोड रॅशमधलं एखादं दृश्य आठवतं पण दिसत नाही असं झालं तर तुमची सेटिंग चुकलेली नाही. डिजिट, चिप या मासिकांसोबतच्या सीड्या मात्र जपून ठेवा. त्यांवर डेमो, पॅच, स्क्रीनसेव्हर असं बरंच काही असायचं जे आज सुटं शोधायला गेलं तर मिळत नाही.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. जुना गेम बाजारात मिळत नाही म्हणून तो फुकट झाला असं होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ नुसार ज्याच्याकडे प्रत कायदेशीरपणे आहे त्याला ती नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप काढता येतो, तेव्हा मूळ फ्लॉप्यांच्या इमेज काढायला हरकत नाही. बाकीच्या, हातोहात आलेल्या प्रतींना ती सवलत लागू होत नाही. जे विकत मिळतं ते विकत घ्या. जीओजी हे ऑनलाइन दुकान २००८ पासून असे जुने गेम डॉसबॉक्ससकट, कुठलंही कुलूप न लावता विकतंय. डूमचा पहिला भाग १९९३ पासूनच फुकट वाटायला मोकळा आहे. अडचण अशी की विकत मिळणारे थोडेच: अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत दिसलं. लोक खोके जपतात म्हणून बाकीचे टिकून आहेत, आणि म्हणूनच तुमचा प्रश्न वाचून मला इतकं लिहावंसं वाटलं.

खेळायला बसाल तेव्हा एक फोन रेकॉर्डिंगवर लावून बाजूला ठेवा. गेम समोर आला की माणसं न विचारता बोलायला लागतात: कुठल्या मशीनची स्पेसबार अडकायची, लाइट गेली की काय व्हायचं, तासाला किती पैसे घ्यायचे, बाबा कुणाला जास्त वेळ बसू द्यायचे. कॉम्प्युटर क्लासांचा हा काळ आपल्याकडे कुणी फारसा लिहून ठेवलेला नाही. बाबा असतील तर त्यांना आधी मेनूची बॅच फाइल छापून दाखवा, गेम नंतर.

सुरुवात साडेतीन इंची, बुरशी नसलेल्या, लेबलवर 'डॉस' किंवा 'युटिलिटी' लिहिलेल्या फ्लॉप्यांपासून करा. त्यांच्या इमेज आल्या की कुठल्या बॅच फाइली निघाल्या आणि त्यांत सिमसीजीए आहे का, एवढं इथेच लिहा. असेल तर हर्क्युलसवर पॅराट्रूपर चालवायची पूर्ण कॉन्फिग मी तुमच्या फाइली पाहून लिहून देईन.